सदिच्छा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधी: कोळवण-मुळशीतील विद्यार्थी आणि पालकांसाठी

कोळवणपासून जवळच, खुबवली गावालगतच्या डोंगरावर १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. अनेक देशांतली सोळा ते एकोणीस वर्षांची दोनशेहून अधिक मुले तिथे दोन वर्षे राहून शिकतात आणि त्यांतली पुष्कळजण शिष्यवृत्तीवर आलेली असतात. साहजिकच या भागातले पालक आणि विद्यार्थी काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. या परदेशी मुलांचा खर्च कोण करतो आणि कशासाठी? आपल्या मुलांना तिथे, किंवा त्यांच्यासारखेच परक्या देशात जाऊन शिकता येईल का? नव्वद टक्के असतील तरच अर्ज करायचा का? पैसे फेडावे लागतात का? शिक्षण संपल्यावर परत यावेच लागते का? ही उत्तरे वेगवेगळी शोधत बसलात तर गोंधळ वाढेल, कारण ती सारी एकाच गोष्टीवर ठरतात: शिष्यवृत्ती देणाऱ्याला त्यातून काय साधायचे आहे. ते समजले की कुठे अर्ज करायचा, त्यात काय लिहायचे, कोणती अट मान्य करायची आणि कुठे नाही म्हणायचे, हे तुम्ही स्वतः ठरवू शकाल.

देणाऱ्याला काय हवे असते?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याचे बरेच साहित्य निरनिराळ्या देशांत पडून होते. ते विकून आलेला पैसा विद्यार्थी आणि अध्यापकांच्या देवाणघेवाणीसाठी वापरावा, असा कायदा सिनेटर विल्यम फुलब्राइट यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये झाला. भारताने या योजनेचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी केला. २००८ पासून भारतही तिच्या खर्चात बरोबरीने वाटा उचलतो, म्हणून तिचे नाव आता फुलब्राइट-नेहरू आहे. युद्धात होरपळलेल्या जपानने परदेशी विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू केली ती १९५४ मध्ये. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीची योजना १९५९ ची. नाझी जर्मनी सोडावी लागलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या कल्पनेतून १९६२ मध्ये वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज उभे राहिले. कालपर्यंत लढलेल्या देशांची मुले एका छताखाली राहिली तर उद्याचे युद्ध टळेल, ही त्यामागची श्रद्धा. खुबवलीचे महाविद्यालय त्याच चळवळीतले आहे. भारतानेही हेच केले. मौलाना आझादांच्या पुढाकाराने १९५० मध्ये स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आशिया-आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन बोलावते आणि त्यांतले कित्येक पुण्यात शिकतात.

या सगळ्या योजनांत एक हेतू समान दिसतो. पैसा दिला जातो तो दोन समाजांत सदिच्छा आणि टिकणारे नाते निर्माण व्हावे म्हणून. त्यामुळे गुणपत्रिका तुम्हाला उंबरठ्यापर्यंत नेते. पुढची निवड वेगळ्या प्रश्नावर होते. हा विद्यार्थी परक्यांमध्ये राहून त्यांच्याकडून शिकेल का, त्यांना स्वतःजवळचे काही देईल का, आणि परतल्यावर ते नाते जपेल का? निबंध, शिफारसपत्र, मुलाखत यांतून निवड समिती हेच शोधत असते. म्हणूनच पंच्याण्णव टक्के मिळवणारा नाकारला जातो आणि पंचाहत्तर टक्क्यांचा निवडला जातो, यात अन्याय किंवा वशिला आहे असे समजण्याचे कारण नाही.

कोळवण खोऱ्यातल्या विद्यार्थ्याला याचा थेट उपयोग आहे. नात्यात द्यायला काहीतरी लागते, आणि ते शिकवणी वर्गात विकत मिळत नाही. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. या धरणाचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला जाऊन वीज होते आणि ज्यांची जमीन बुडाली त्यांच्या पुढच्या पिढ्या याच तालुक्यात राहतात. वीज कोणाला आणि जमीन कोणाची, हा प्रश्न ब्राझीलच्या किंवा इथिओपियाच्या विद्यार्थ्यालाही आपला वाटेल असा आहे. आंबेमोहराची शेती परवडते का, पुण्याच्या वाढीने जमिनींचे काय झाले, गावातली तरुण मुले कुठे जातात, याबद्दल स्वतः पाहून आणि विचारून बनवलेले मत असलेली मुलगी मुलाखतीत वेगळी उठून दिसते. मात्र ‘मी गरीब खेड्यातला आहे’ एवढेच सांगून भागत नाही. समितीला दया दाखवायची नसते. तिला तुमची नजर पाहायची असते.

कोणती योजना कोणासाठी?

पहिली चूक होते ती आपल्या टप्प्याला न जुळणाऱ्या योजनेमागे लागण्यात. मुख्य पर्याय असे आहेत. अटी आणि रकमा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचूनच पुढे जा.

- दहावीनंतर: युनायटेड वर्ल्ड कॉलेज. खुबवली धरून जगात अशी अठरा विद्यालये आहेत. भारतीय विद्यार्थ्यांनी या चळवळीच्या भारतातील निवड समितीमार्फत, प्रवेशाच्या आदल्या वर्षी अर्ज करायचा असतो. दोन वर्षांचा इंटरनॅशनल बॅकलॉरिएट डिप्लोमा मिळतो. आर्थिक मदत कुटुंबाची ऐपत पाहून ठरते. सर्वांना पूर्ण मदत मिळत नाही, पण फीचा आकडा पाहून अर्जच न करणे ही त्याहून मोठी चूक आहे.
- बारावीनंतर: जपान सरकारची पदवी शिष्यवृत्ती. अर्ज जपानच्या दूतावासामार्फत होतो आणि लेखी परीक्षा असते. पहिले वर्ष बहुतांशी जपानी भाषेच्या शिक्षणाचे असते. शिक्षणशुल्क, विमानभाडे आणि दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. अलीकडच्या वर्षांत तो १,१७,००० येन आहे.
- पदवीनंतर लगेच: इरॅस्मस मुंडस. युरोपीय संघाची ही पदव्युत्तर योजना आहे. किमान दोन देशांत शिकायचे असते, नोकरीच्या अनुभवाची सरसकट अट नाही, आणि भत्ता दरमहा १,४०० युरो आहे. अर्ज थेट त्या-त्या अभ्यासक्रमाकडे करायचा.
- पदवी आणि अनुभवानंतर: फुलब्राइट-नेहरू, चेव्हनिंग, डाड. फुलब्राइट-नेहरूच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीसाठी किमान ५५ टक्के गुण आणि तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. भारतातली पदवी तीन वर्षांची असेल तर ती अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीशी कशी समकक्ष ठरते, हे आधी तपासा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला दोन वर्षांच्या अनुभवाची अट आहे. जर्मनीच्या डाड संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांनाही साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो.
- रोटरीची जागतिक अनुदान शिष्यवृत्ती. शांतता, पाणी आणि स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा ठरावीक क्षेत्रांतल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ती मिळते आणि अनुदान किमान ३०,००० डॉलरचे असते. इथला एक आणि परदेशातला एक असे दोन क्लब पाठीशी लागतात. पुण्याचे क्लब रोटरीच्या ३१३१ या प्रांतात येतात. रोटरी सदस्यांची मुले-नातवंडे अपात्र असतात, म्हणजे ओळख नसलेल्यांसाठी दार खरोखर उघडे आहे.

याशिवाय राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागांच्या योजना आहेत. त्यांचा हेतू सामाजिक न्यायाचा आहे, म्हणून तिथे प्रवर्ग, उत्पन्न आणि विद्यापीठाचे जागतिक स्थान निर्णायक ठरते. पात्र असाल तर तिथेही जरूर अर्ज करा. पण या योजना आणि वरच्या सदिच्छा शिष्यवृत्त्या अशा दोन्हींसाठी एकच निबंध देऊ नका. विचारलेला प्रश्न वेगळा आहे. तसेच दोन शिष्यवृत्त्या एकाच वेळी घेता येतात का, हे आधी लेखी विचारून घ्या.

तयारीचा क्रम

बहुतेक योजनांत अर्ज आणि प्रत्यक्ष प्रयाण यांत आठ ते बारा महिने जातात. म्हणून निघायच्या निदान दीड वर्ष आधी सुरुवात करा.

1. नाव एकसारखे करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट यांवर नावाचे इंग्रजी स्पेलिंग आणि वडिलांच्या नावाची जागा तपासा. बदल हवा असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करावी लागू शकते आणि त्याला वेळ लागतो. गावाकडच्या अर्जदारांची गाडी बहुधा इथेच अडते.
2. पासपोर्ट काढा. आधी ऑनलाइन अर्ज, मग पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात भेट. निवड झाल्यावर काढू, असे म्हणू नका.
3. उत्पन्नाची कागदपत्रे जमवा. उत्पन्नाचा दाखला पौडच्या तहसील कार्यालयाकडून, ‘आपले सरकार’ पोर्टल किंवा सेतू केंद्रामार्फत मिळतो. शेतीवर घर चालत असेल तर सातबारा आणि आठ-अ सोबत ठेवा आणि वर्षाचे उत्पन्न कसे येते ते एका पानात स्पष्ट लिहा. परदेशी समितीला पगाराची पावती समजते, भाताचा हंगाम समजावून सांगावा लागतो. उत्पन्न कमी दाखवण्याचा मोह टाळा. खोटेपणा उघड झाला तर मिळालेली शिष्यवृत्तीही रद्द होते.
4. वर्षभर टिकेल असे एक काम हाती घ्या. ओढ्याच्या पाण्याची नोंद ठेवणे, धाकट्यांचा वाचनगट, आजी-आजोबांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण, काहीही चालेल. दहा प्रमाणपत्रांपेक्षा एका कामातले सातत्य अधिक बोलते.
5. शिफारसपत्रासाठी योग्य माणूस निवडा. पद मोठे पण ओळख नाही, अशा माणसाचे पत्र निरुपयोगी असते. तुम्हाला वर्गात पाहिलेल्या शिक्षकांना महिनाभर आधी सांगा आणि तुमच्या कामाची टिपणे द्या.
6. निबंध स्वतः लिहा. आधी मराठीत विचार मांडा, मग इंग्रजीत लिहा आणि भाषेच्या चुका कोणाकडून तरी तपासून घ्या. दुसऱ्याने किंवा यंत्राने लिहिलेला निबंध मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.
7. भाषांतर आणि साक्षांकन. मराठी कागदपत्रांची अधिकृत इंग्रजी भाषांतरे करून घ्या. काही देशांना परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील, म्हणजे साक्षांकनाचे प्रमाणपत्र, लागते. त्यासाठी काही आठवडे राखून ठेवा.

करार वाचताना

नाते जोडण्यासाठी दिलेल्या पैशाला त्या नात्याच्या अटी असतात. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. त्या करारात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. १९१७ मध्ये मुदत संपली, तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. तो पूर्ण करायला ते १९२० मध्ये पुन्हा गेले. ती शिष्यवृत्ती नसती तर पुढचे काहीच घडले नसते, हे खरेच आहे. पण मुदतीची एक ओळ आयुष्याचा क्रम कसा बदलते, हेही त्यातून दिसते. म्हणून सही करण्याआधी या गोष्टी तपासा:

- परतीची अट. फुलब्राइटवर जाणाऱ्याला जे-१ व्हिसाच्या नियमानुसार दोन वर्षे मायदेशी राहिल्याखेरीज अमेरिकेत नोकरीचा एच व्हिसा किंवा कायमचे वास्तव्य मिळत नाही. चेव्हनिंगमध्येही दोन वर्षे मायदेशी परतण्याचे बंधन आहे. इरॅस्मस मुंडसमध्ये असे बंधन नाही.
- कशाचे पैसे मिळत नाहीत. ‘पूर्ण शिष्यवृत्ती’ या शब्दांवर थांबू नका. व्हिसा, भाषेची परीक्षा, घराची अनामत, थंडीचे कपडे, सुटीतला प्रवास आणि पहिला भत्ता हाती येईपर्यंतचा खर्च यांची यादी करून प्रत्येकाचे उत्तर लेखी मागा.
- अभ्यास मध्येच सोडावा लागला तर. आजारपण, घरातले संकट, नापास होणे अशा प्रसंगी किती रक्कम परत करावी लागते, मुदतवाढ मिळते का, ते पाहा.
- परतल्यानंतरचा रस्ता. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट डिप्लोमाला भारतीय विद्यापीठ संघाची बारावीशी समकक्ष अशी मान्यता आहे. पण वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला जायचे असेल तर त्या प्रवेशाला लागणारे विषय पहिल्याच दिवशी घ्यावे लागतात, आणि नीट किंवा जेईईची तयारी तिथे कोणी करून देत नाही. डॉक्टर होण्याचे नक्की असेल तर हा मार्ग अवघड आहे, हे आधीच मान्य करा.

तुमचे हक्क

- फुलब्राइट-नेहरू, चेव्हनिंग आणि जपान सरकारच्या शिष्यवृत्तीला अर्जाचे शुल्क नाही. निवड करून देतो म्हणून पैसे मागणारा फसवतो आहे, असे खुशाल समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.
- मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट कोणत्याही सल्लागाराकडे ठेवू नका. पैसे घेऊन सेवा न देणाऱ्या सल्लागाराविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते.
- मुदतीत उत्तर द्यायचे असले तरी करार घरी नेऊन वाचण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे.
- शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती भारतात प्राप्तिकरातून मुक्त आहे.
- परदेशात अडचण आली तर भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पोहोचल्याबरोबर दूतावासाकडे आपली नोंद करा.
- मुलगी किंवा अल्पवयीन मुलगा जाणार असेल तर वसतिगृहाची व्यवस्था, तक्रार कोणाकडे करायची आणि रात्री संपर्क कोणाशी, हे संस्थेला विचारणे हा पालकांचा हक्क आहे. चांगली संस्था या प्रश्नांनी नाराज होत नाही.

तीन शंका

पहिली शंका अशी, की हा सगळा परकीय सरकारांचा प्रभाव वाढवण्याचा मार्ग आहे. हेतूत स्वार्थ आहे हे नाकारण्याचे कारण नाही. आपले सरकारही त्याच हेतूने परदेशी विद्यार्थ्यांना पुण्यात शिकवते. पण सदिच्छा आणि आज्ञाधारकपणा यांत अंतर आहे. ज्यांच्या नावाने ही शिष्यवृत्ती चालते त्या फुलब्राइट यांनीच १९६६ मध्ये सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष असताना व्हिएतनाम युद्धावर जाहीर सुनावण्या घेऊन आपल्याच सरकारला जाब विचारला. शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यानेही त्या देशाच्या धोरणांना मान डोलवावी, अशी अट करारात नसते. या शंकेतून घ्यायचा धडा वेगळा आहे. राजकारण बदलले की निधी बदलतो. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी परराष्ट्र खात्याचा निधी काही काळ थांबला, तेव्हा फुलब्राइटवरच्या लोकांचे पैसेही अडकले. म्हणून एकाच देशावर भिस्त ठेवू नका. दोन देशांच्या योजना आणि भारतातला एक प्रवेश हाताशी ठेवा.

दुसरी शंका, की शिकलेली मुले परत येत नाहीत, मग गावाला काय मिळाले? काही येत नाहीत, हे खरे आहे आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार सहजासहजी कोणाला नाही. पण म्हणूनच परतीच्या अटीला शिक्षा समजू नये. ती अट नसलेल्या योजनेत हा प्रश्न कुटुंबाने स्वतः सोडवायचा असतो. मुलगा किंवा मुलगी निघण्याआधी घरात मोकळेपणाने बोला: म्हातारपणी कोण, जमीन कोण पाहणार, किती वर्षांनी काय ठरवायचे. न बोललेल्या अपेक्षा पुढे दोघांनाही जड जातात. शिवाय नाते जपणे म्हणजे गावात राहणेच असे नाही. तालुक्यातल्या पुढच्या अर्जदाराला वाट दाखवणे, इथल्या शाळेसाठी वर्षातून काही तास देणे, हाही परतीचाच भाग आहे, आणि निवड समित्या त्याबद्दल विचारतात.

तिसरी शंका इंग्रजीची, आणि ती सर्वांत जास्त मुलांना अर्जापासूनच दूर ठेवते. इंग्रजी लागतेच, तिच्याशिवाय अभ्यासक्रम झेपणार नाही. पण लागते ती समजण्यापुरती आणि मुद्दा मांडण्यापुरती, शहरी उच्चारांची नव्हे. खुबवलीला येणाऱ्या कित्येक मुलांचीही ती मातृभाषा नसते. दीड वर्ष रोज एक पान वाचून त्यावर पाच वाक्ये लिहिली आणि मोठ्याने बोलून दाखवली, तर मराठी माध्यमातला विद्यार्थी मुलाखतीपुरता तयार होऊ शकतो. महाविद्यालयातली मुले आसपासच्या गावांत सामाजिक उपक्रमांसाठी येतात. त्यांच्याशी बोला, त्यांना गावाबद्दल सांगा, त्यांचा अर्ज कसा झाला ते विचारा. देशादेशांत नाते जोडण्याचा हा व्यवहार असाच सुरू होतो, आणि त्याचा सराव कोळवणच्या विद्यार्थ्याला घरबसल्या मिळतो.

अर्ज करायचा की नाही?

तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. मला परक्या लोकांबरोबर राहून स्वतःची मते तपासून पाहायची आहेत का? माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखे, मी स्वतः जाणून घेतलेले काही आहे का? करारातली परतीची, मुदतीची आणि खर्चाची अट घरातल्या सर्वांना मान्य आहे का? तिन्हींना होकार असेल तर टक्केवारी थोडी कमी असली तरी अर्ज करा. पहिल्याला नकार असेल तर टक्केवारी कितीही असो, भारतातले चांगले महाविद्यालय तुमच्यासाठी अधिक योग्य आहे, आणि त्यात कमीपणा नाही. दुसऱ्याला नकार असेल, तर अजून वेळ आहे: याच महिन्यात गावातला एक प्रश्न निवडा, पाच माणसांना त्याबद्दल विचारा आणि मिळालेले लिहून ठेवा. पुढे शिष्यवृत्ती मिळो वा न मिळो, आपल्या खोऱ्याची ही ओळख तुमच्याजवळ राहील, आणि सदिच्छेच्या कोणत्याही अर्जात भरण्याजोगा पहिला मजकूर तोच आहे.